कारण

किल्ली तळहाताएवढी. ती एलेंगूच्या कमरेला असते,
खुराड्याच्या किल्लीशेजारी, एकाच नाडीत.
चर्च दुरून गोठाच वाटतं:
डोंगरावर बर्फ पडतं, म्हणून छप्पर जमिनीपर्यंत उतरलेलं.
आत मात्र भिंतभर माणसं,
पाचशे वर्षं धुपाच्या काजळीत उभी.
मी कापसाचा बोळा ओला करते
आणि दिवसाला वीतभर उजळवते.

दारावर देणगीदार, लिओंतिओस.
हातात चर्चची छोटी प्रतिकृती,
पंगतीत वाढायला आणलेल्या ताटासारखी.
मागे बायको. पांढरा रुमाल, लाल बाह्या,
रिकामे हात छातीशी.
पायाशी ओळ: लिओंतिओसने, सपत्नीक, हे घर देवाला वाहिलं.
पुढे तिचं नाव असेल म्हणून
तीन दिवस पुसत राहिले.
खाली नुसता चुना निघाला.

उत्तरेच्या भिंतीवर आई पाजते आहे.
स्तन एकच, तोही पार गळ्याजवळ,
खांद्यावर लिंबू ठेवावं तसा.
"काढणारा मठातला असणार," एलेंगू म्हणते,
"ऐकून ऐकून काढलंय."
हसते, आणि लगेच क्रूस करते, आईसमोर चुकलं म्हणून.

लिंबाच्या जागी आता खड्डा आहे.
गिलावा खरवडलेला, आतली पेंढ्याची काडी दिसते.
बाळाचे ओठ त्या खड्ड्याशी उघडे.
निकोसियाहून आलेल्या तक्त्यात रकाने आहेत:
हानी, दोन बोटं रुंद. कारण, अज्ञात.
उपाय, भरून घेणे.
मी चुना भिजवला.

"अज्ञात कसलं," एलेंगू म्हणाली, "मला विचार की."

दूध आटलं की बायका यायच्या,
तिन्हीसांजेला, पुरुष कॉफीला बसले की.
नखाने चिमूटभर भिंत काढायची,
पाण्यात ढवळायची, डोळे मिटून प्यायची.
"माझी सासू आली होती. तिची जाऊ आली होती.
खाणीत संप झाला त्या साली तर रांग होती रांग."
"आणि तू?"
साठ वर्षांनी ती अंगठा मुठीत लपवते.
"दोघं होते. झिनॉन राहिला."
दुसऱ्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता.

अकरा वाजले की माझीही छाती दगड होते.
मुलगा लिमासोलला, सासूबाईंकडे, सव्वातीन महिन्यांचा, बाटलीवर.
आडोसा एकच, वेदीच्या पडद्यामागे,
तिथे बाईने जायचं नाही;
मला परवानगी आहे, कामापुरती.
हे काम धरत नाहीत.
म्हणून मी गाडीत बसते, काचेला टॉवेल लावून.
"इथं बस," एलेंगूने त्या आईखालीच बाक ओढला.
"हिला काय नवीन आहे?"

पंपाची घरघर घुमटात फिरली.
चाळीस हुतात्मे गोठलेल्या तळ्यात उभे होते,
कुठं बघावं न कळून समोरच बघत राहिले.
लिओंतिओसची बायको तेवढी तिरकी बघत होती,
पण ते तिला पहिल्यापासून तसंच काढलंय.

तोवर वाटीतल्या चुन्यावर साय धरली.
मी खड्डा भरला नाही.
कडा तेवढ्या बांधून घेतल्या, आणखी ढासळू नयेत म्हणून.
तक्त्यातला 'हानी' शब्द खोडता येत नाही, छापील आहे.
कारणाच्या रकान्यात एका ओळीची जागा.
तिथे लिहिलं: बायका.
लिहिलं आणि वाटलं, हे तर पुन्हा तेच,
सपत्नीक.

एलेंगूला म्हटलं, नावं सांग.
ती बाकावर बसली,
मूठ उघडून अंगठ्यापासून मोजायला लागली.
मला कागद उलटावा लागला.